गावातून पहिल्या पोकेमॉन कार्ड स्पर्धेला जाताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्या गावात पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ खेळणारे मोजून चार जण आहेत आणि चौघेही तो मोबाईलवर शिकलेले आहेत. ॲप पत्ते स्वतः पिसते, स्वतः वाटते, पाळी कोणाची ते सांगते आणि नियमाबाहेरची चाल करूच देत नाही. नागपुरातल्या माझ्या पहिल्या स्पर्धेत मी टेबलाशी बसलो, तेव्हा ही सगळी कामे एकाएकी माझ्या दोन हातांवर आली. नियम मला पाठ होते, पण हातांना त्यांची सवय नव्हती. पुढे पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना तयार करताना जो क्रम बसत गेला, तो येथे सविस्तर मांडतो. त्याला साधारण सहा आठवडे लागतात. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत घरचे काम अंगावर असेल, तर आठ आठवडे धरावेत.

स्पर्धा कोणती, हे आधी विचारून घ्यावे

पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना फोन करून काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली गोष्ट म्हणजे स्पर्धा ‘स्टँडर्ड’ प्रकारात आहे का. या प्रकारात सगळेच पत्ते चालत नाहीत. प्रत्येक पत्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक इंग्रजी अक्षर छापलेले असते आणि त्या वर्षी कोणती अक्षरे चालतील हे कंपनी जाहीर करते. जुनी अक्षरे ठरावीक काळाने बाद होतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मावसभावाने दिलेला गठ्ठा आज अर्धा निरुपयोगी असू शकतो. दुसरी गोष्ट, एका फेरीत एकच डाव खेळायचा आहे की तीनपैकी दोन जिंकायचे आहेत, आणि वेळ किती आहे. तीन डावांच्या फेरीला सहसा ५० मिनिटे असतात. तिसरी गोष्ट, कोणत्या भाषेतले पत्ते चालतील. जपानी पत्ते स्वस्तात मिळतात म्हणून घेतले आणि स्पर्धेच्या दिवशी ते नाकारले गेले, असे होऊ देऊ नये. अधिकृत स्पर्धेसाठी प्लेयर आयडी लागतो. तो पोकेमॉनच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, पण लहान मुलाच्या खात्याला पालकाची संमती लागते, म्हणून हे काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नये. वयोगट तीन आहेत: ज्युनिअर, सीनियर आणि मास्टर्स. जन्माच्या वर्षावरून गट ठरतो.

स्पर्धा बहुधा ‘स्विस’ पद्धतीने होते. या पद्धतीत हरलेला खेळाडू बाहेर जात नाही. प्रत्येक फेरीत जवळपास सारखे गुण असलेल्यांची जोडी लावली जाते, विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला ० गुण मिळतात. खेळाडूंची संख्या विषम असेल, तर एकाला न खेळता विजयाचे ३ गुण दिले जातात. १७ ते ३२ खेळाडू असतील तर साधारण ५ फेऱ्या होतात. म्हणजे पहिली फेरी हरलात तरी चार फेऱ्या शिल्लक असतात, आणि पुढचा प्रतिस्पर्धीही बहुधा एक फेरी हरलेलाच असतो. कबड्डीच्या बाद फेरीची सवय असलेल्या आमच्या मुलांना हे दोनदा समजावून सांगावे लागले, कारण पहिल्या पराभवानंतर ती दप्तर आवरायला लागली होती.

घरच्यांशी बोलणे

ही पायरी शहरातल्या मार्गदर्शक लेखांत नसते, पण आपल्याकडे ती टाळता येत नाही. गावात पत्ते म्हणजे पारावरचा किंवा शेतातल्या कोठ्यातला जुगार, आणि त्याने उठलेली घरे सगळ्यांनी पाहिलेली आहेत. माझे वडील एवढेच म्हणाले, “पत्त्यायनं कोनाचं भलं झालं बाप्पा?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून मी त्यांना समोर बसवून एक डाव दाखवला. येथे पैसा लावला जात नाही. प्रवेश शुल्क भरायचे, आणि बक्षीस असले तर ते आयोजक देतात. प्रत्येकाचे ६० पत्ते त्याने स्वतः निवडून आणलेले असतात, त्यामुळे कोणता पत्ता किती वेळा हाती येईल याचा हिशेब घरूनच करून यावा लागतो. अशा प्रकारचा पहिला आधुनिक खेळ, ‘मॅजिक: द गॅदरिंग’, १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितात पीएच.डी. केलेल्या माणसाने तयार केला. पोकेमॉनचे पत्ते त्यानंतर १९९६ साली जपानमध्ये आले. हे सांगितल्यावर वडिलांचे पूर्ण समाधान झाले नाही, पण नागपूरला जायची परवानगी मिळाली. प्रवेश शुल्क, भाडे आणि पत्ते यांचा एकूण खर्च कागदावर लिहून घरी दाखवावा. लपवून केलेला खर्चच पुढे भांडणाचे कारण होतो.

डेक: विकत घेणे आणि जुळवणे

आठवडी बाजारात आणि जत्रेत सोनेरी, चकचकीत प्लास्टिकचे जे पोकेमॉन पत्ते मिळतात, ते नकली असतात आणि अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. मुलांकडे असे पत्ते असले तर त्यांना हसू नये, पण हे आधीच सांगावे. खऱ्या पत्त्यांचा कागद कडक असतो, छपाई रेखीव असते आणि पाठीचा निळा रंग सगळ्या पत्त्यांवर सारखा असतो. शंका आल्यास नक्की खऱ्या असलेल्या पत्त्याशेजारी ठेवून पाहावे.

नवख्याने सुटी पाकिटे फोडत बसू नये. एका पाकिटात १० पत्ते निघतात आणि त्यातला हवा तो पत्ता निघेलच असे नसते. सुरुवातीला ‘लीग बॅटल डेक’ नावाने मिळणारा ६० पत्त्यांचा तयार संच घ्यावा. तो खेळण्याच्या दृष्टीनेच बांधलेला असतो. त्यानंतर जे चार-सहा पत्ते बदलायचे असतील, ते सुटे विकत घ्यावेत. मागवताना टपालाला लागणारे दिवस धरून किमान तीन आठवडे आधी मागवावे, कारण तालुक्याहून गावात पार्सल येण्याला आणखी दोन-तीन दिवस जातात.

डेक म्हणजे खेळायला नेलेला आपला गठ्ठा. त्याचे मूळ नियम दोन आहेत. पत्ते बरोबर ६० हवेत, आणि एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते नकोत; बेसिक एनर्जी (पोकेमॉनला जोडायचा ऊर्जेचा साधा पत्ता) मात्र कितीही चालते. त्यापुढचे काम हिशेबाचे आहे. सुरुवातीला सात पत्ते हाती येतात. एखाद्या पत्त्याच्या चारही प्रती डेकमध्ये ठेवल्या, तरी त्या सातांत त्यातला एक तरी असण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. ‘चार ठेवले आहेत, येईलच’ हा समज म्हणून सोडून द्यावा. सात पत्त्यांत एकही बेसिक पोकेमॉन, म्हणजे थेट मांडता येणारा पोकेमॉन, नसेल, तर हातातले पत्ते दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि प्रतिस्पर्ध्याला एक जादा पत्ता घेण्याची मुभा मिळते. डेकमध्ये ८ बेसिक असतील तर असे सुमारे ३५ टक्के वेळा होते, १० असतील तर २६ टक्के आणि १२ असतील तर १९ टक्के. तयार संचातले एखादे बेसिक काढून आवडता मोठा पोकेमॉन घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्या वेळी हे आकडे समोर ठेवावेत. सहा पत्ते प्राइझ, म्हणजे डावात पुढे जिंकून घ्यायचे पत्ते, म्हणून पालथे बाजूला जातात, त्यामुळे ज्या पत्त्याची एकच प्रत ठेवली आहे तो दहापैकी एका डावात सुरुवातीला तेथे अडकलेला असतो. ज्याच्यावाचून डाव जिंकताच येत नाही असा पत्ता एकच ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

स्पर्धेपूर्वीच्या शेवटच्या दहा दिवसांत डेक बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. नवा पत्ता चांगला असला तरी तो कधी खेळायचा हे कळायला दहा-पंधरा डाव लागतात, आणि तेवढे डाव आता उरलेले नसतात.

हातांचा सराव

आता मुख्य गोष्ट. फोनवरचे ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे ॲप विनामूल्य आहे आणि डेक समजून घेण्यासाठी ते अवश्य वापरावे, पण पहिल्या तीन आठवड्यांनंतर सरावाचा मोठा भाग सतरंजीवर, खऱ्या पत्त्यांनी व्हायला हवा.

पहिला सराव पत्ते पिसण्याचा. रमीचे पत्ते आपण सगळेच पिसतो, पण स्लीव्ह (प्रत्येक पत्त्याचे प्लास्टिकचे पातळ आवरण) घातलेले ६० पत्ते हातात जाड भरतात आणि निसटतात. गठ्ठ्याचे दोन भाग करून एक भाग दुसऱ्यात कडेने हलके घुसवावा, आणि हे किमान सात वेळा करावे. ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा एकमेकांत घुसवून पिसावे लागतात, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवले. आपल्याकडे तर पत्ते ६० आहेत. नुसते ढीग घालून वाटत जाणे म्हणजे पिसणे नव्हे, ते फक्त मोजण्यासाठी करावे. पिसताना पत्त्यांची तोंडे स्वतःकडे किंवा समोरच्याकडे वळू देऊ नयेत. आपले पिसून झाल्यावर गठ्ठा प्रतिस्पर्ध्यापुढे ठेवावा. तो कापेल किंवा पुन्हा पिसेल. त्याचा गठ्ठा आपणही कापावा. यात अविश्वास नाही, तशी रीतच आहे.

दुसरा सराव मांडणीचा. सात पत्ते उचलणे, बेसिक पोकेमॉन पालथा पुढे ठेवणे, बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, हवे ते ठेवणे, मग सहा प्राइझ काढणे आणि शेवटी पोकेमॉन उलगडणे, हा क्रम न अडखळता हाताला यायला हवा. ॲप वापरणारे प्राइझ ठेवायलाच विसरतात, हे मी स्वतःसकट चार जणांत पाहिले आहे. रोज रात्री जेवणानंतर दहा वेळा नुसती मांडणी करावी आणि मोडावी.

तिसरा सराव एकट्याने करण्याचा आहे आणि गावातल्या खेळाडूला तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो. मांडणी करून झाल्यावर डेकमध्ये ४७ पत्ते उरतात. ते हातात घेऊन एकदा पाहावेत आणि सहा प्राइझमध्ये कोणते पत्ते अडकले आहेत ते वहीत लिहावे. मग प्राइझ उलटून ताडून पाहावे. सुरुवातीला पाच मिनिटे लागतात आणि तरीही चुकते. महिन्याभरात पुतण्याला मिनिटभरात निदान महत्त्वाचे चार पत्ते सांगता येऊ लागले. प्रत्यक्ष डावात डेकमधून पत्ता शोधण्याची पहिली संधी येते, तेव्हा हेच करायचे असते.

चौथा सराव बोलण्याचा. प्रत्येक चाल मोठ्याने सांगावी: कोणता पत्ता खेळतो आहे, एनर्जी कोणाला जोडतो आहे, किती डॅमेज होते आहे. एका पाळीत एनर्जी एकदाच जोडता येते आणि सपोर्टर (ट्रेनर प्रकारातला मदतीचा पत्ता) एकच खेळता येतो. पहिल्याने सुरुवात करणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. ॲपमध्ये या चुका होऊच शकत नाहीत, टेबलावर मात्र सर्रास होतात. एनर्जी जोडली की पाळीच्या शेवटपर्यंत एखादे नाणे ठरावीक जागी सरकवून ठेवण्याची सवय लावली, तर ‘जोडली होती की नाही’ हा वाद उरत नाही. आमची मुले मोठ्याने बोलायला लाजत होती. शहरातली मुले इंग्रजीत भराभर बोलतात, त्यामुळे आपण चुकू अशी त्यांना भीती होती. पत्त्यांची नावे इंग्रजीत आणि बाकीचे मराठीत किंवा हिंदीत बोलले तरी नागपुरात कोणाचे अडत नाही. बोलायला मात्र हवे.

प्रतिस्पर्धी नसेल तर काय करावे? सध्या जिंकणाऱ्या डेकच्या याद्या इंटरनेटवर उघड मिळतात. त्यातले दोन डेक निवडावेत, ६३ गुणिले ८८ मिलिमीटरच्या कागदी चिठ्ठ्यांवर पत्त्यांची नावे आणि मजकूर लिहावा, आणि प्रत्येक चिठ्ठी एखाद्या साध्या पत्त्यासमोर ठेवून स्लीव्हमध्ये घालावी. घरी सरावासाठी एवढे पुरते; स्पर्धेत अर्थातच असे पत्ते चालत नाहीत. मग दोन्ही बाजू स्वतः खेळाव्यात किंवा लहान भावाला शिकवून समोर बसवावे. दुसऱ्या गावातल्या मित्राशी व्हिडिओ कॉलवरही खेळता येते: फोन स्टुलाला किंवा पाळण्याच्या कडीला असा बांधावा की कॅमेरा सतरंजीकडे पाहील. आमच्याकडे नेटवर्क गच्चीवरच टिकते, म्हणून आम्ही रात्री नऊनंतर गच्चीवर, बॅटरीवरच्या दिव्यात खेळलो.

शेवटच्या पंधरवड्यात घड्याळ लावून खेळावे. ५० मिनिटांत तीन डाव बसवणे नवख्याला जड जाते. वेळ संपल्यावर चालू पाळी पूर्ण होते, त्यानंतर आणखी तीनच पाळ्या मिळतात, आणि निकाल लागला नाही तर बरोबरी होते. म्हणून पहिला डाव हातून गेल्याचे स्पष्ट दिसताच तो सोडून देऊन उरलेल्या दोन डावांना वेळ राखायला शिकावे. हे मनाला फार जड जाते, म्हणून घरीच त्याचा सराव करावा.

स्लीव्ह, ऊन आणि ओल

पाठीकडून अपारदर्शक, एकाच रंगाच्या आणि एकाच पाकिटातल्या स्लीव्ह घ्याव्यात. ६० लागतात, पण फाटली तर बदलण्यासाठी पाच-सहा जादा बाळगाव्यात. एखादीचा कोपरा दुमडला असेल, तर तो पत्ता पाठीवरून ओळखता येतो, आणि खूण असलेले पत्ते म्हणून दंड होऊ शकतो, मग हेतू काहीही असो. नव्या स्लीव्ह निसरड्या असतात, त्यामुळे त्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी घालून काही डाव खेळावेत.

विदर्भातल्या खेळाडूने चकचकीत पत्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मे महिन्याच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात आणि पुन्हा जुलैच्या ओलीत हे पत्ते वाकतात, कारण त्यांच्या चमकदार थराचे आणि कागदाचे आकुंचन-प्रसरण सारखे होत नाही. डेकमधले मोजके महत्त्वाचे पत्तेच तेवढे वाकलेले असतील, तर गठ्ठ्यात ते कुठे आहेत हे कडेने दिसते, आणि पंच त्यावर आक्षेप घेऊ शकतो. पत्त्यांचा डबा टिनाच्या पत्र्याखाली किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये, रात्री पत्ते जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावेत. जेथे साधी प्रत मिळते तेथे चकचकीत प्रत वापरूच नये. ती स्वस्तही पडते.

यादी

बहुतेक स्पर्धांत डेकची यादी लिहून द्यावी लागते. त्यात प्रत्येक पत्त्याचे नाव, तो ज्या मालिकेत छापला गेला त्या संचाचे चिन्ह, पत्त्याचा क्रमांक आणि प्रती लिहायच्या असतात. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी ही यादी सकाळी बसमध्ये गुडघ्यावर ठेवून लिहिली, आणि एनर्जी सातऐवजी सहा लिहिल्यामुळे यादीची बेरीज ५९ झाली. तपासणीत ते निघाले आणि मला पहिल्या फेरीतला एक डाव न खेळताच गमवावा लागला. पंचांनी नियमाप्रमाणेच केले. चूक माझी होती. तेव्हापासून आमच्याकडे यादी दोन दिवस आधी लिहिली जाते, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष पत्ते ढिगाऱ्यात टाकत जायचे, आणि शेवटी पोकेमॉन, ट्रेनर, एनर्जी यांची बेरीज ६० येते का ते पाहायचे. यादीच्या दोन प्रती जवळ ठेवाव्यात.

प्रवास आणि स्पर्धेचा दिवस

यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि एसटीला साडेतीन-चार तास सहज लागतात. सकाळी नोंदणी बंद झाली की पहिली फेरी हातची जाऊ शकते, म्हणून शक्य असल्यास आदल्या संध्याकाळीच नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे. परतीचा हिशेबही आधीच करावा. ५० मिनिटांच्या पाच फेऱ्या म्हटल्या, तरी जोड्या लागेपर्यंतचा वेळ धरून सहा तास जातात, आणि गावाकडची शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही.

पिशवीत डेक, यादी, जादा स्लीव्ह, डॅमेज मोजण्याचे फासे, नाणेफेकीसाठी वेगळा पारदर्शक फासा, पोकेमॉनला विषबाधा झाली किंवा भाजले हे दाखवायच्या चकत्या, अंथरायला सुती कापड, पाणी आणि घाम पुसायला रुमाल असावा. घरचा डबा न्यावा, पण तो कोरडा असावा. सकाळी नागपुरी तर्री-पोहे खाल्ले असतील, तर साबणाने हात धुतल्याशिवाय पत्त्यांना हात लावू नये; तर्रीच्या तेलाचा एक डाग पडला की ती स्लीव्ह बदलावीच लागते.

जोड्यांचा तक्ता लागला की टेबल क्रमांक पाहावा, प्रतिस्पर्ध्याला नाव सांगावे, फोन बंद करून पिशवीत टाकावा. काही चुकले किंवा पत्त्याचा अर्थ समजला नाही, तर हात वर करून पंचाला बोलवावे. प्रतिस्पर्धी वयाने मोठा आहे, त्याला खेळ जास्त कळतो, म्हणून त्याचे म्हणणे मान्य करण्याची आपल्याकडची सवय येथे नुकसान करते. आपलीच चूक लक्षात आली तरीही पंचाला बोलवावे. लगेच सांगितलेली चूक बहुधा समज देऊन किंवा ताकिदीवर मिटते, लपवलेली मात्र फार महाग पडते. बक्षीस वाटून घेण्याच्या बदल्यात निकाल ठरवण्याची भाषा कोणी केली, तर तेथेच नकार द्यावा, कारण त्यासाठी स्पर्धेतून काढले जाते.

डाव संपल्यावर निकाल बरोबर नोंदवला गेला का ते दोघांनी पाहावे, आणि टेबल सोडण्यापूर्वी आपले ६० पत्ते मोजावेत. घाईत आपला एक पत्ता समोरच्याच्या गठ्ठ्यात गेलेला आम्ही दोनदा पाहिला आहे, आणि पुढच्या फेरीत ५९ पत्त्यांनिशी बसणे म्हणजे पुन्हा दंड.

बस चुकत असेल, तर शेवटची फेरी सोडता येते, पण तसे पंचांना सांगूनच निघावे. न सांगता गेल्यास तुमची जोडी लागते आणि समोरचा खेळाडू रिकाम्या खुर्चीपुढे बसून राहतो. परतीच्या गाडीत, आठवण ताजी आहे तोवर, प्रत्येक डावात कोणता पत्ता शेवटपर्यंत हातात निरुपयोगी पडून राहिला तेवढे वहीत लिहून ठेवावे. एकाच पत्त्याचे नाव तीनदा आले, तर डेकमधला पहिला बदल तेथून सुरू करावा.